मान आखडेपर्यंत थांबू नका: मेनिंजायटिस वयागणिक कसा ओळखायचा

बारा दिवसांच्या बाळाला मेनिंजायटिस झाला तर बहुतेक वेळा त्याची मान आखडत नाही. ताप असेलच असंही नाही, उलट अंग गार लागू शकतं. बाळ दूध ओढेनासं होतं, एवढंच घरच्यांना दिसतं. पंच्याहत्तरीच्या आजोबांना हाच आजार झाला तर ते सकाळपासून असंबद्ध बोलायला लागतात आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ सोळा वर्षांच्या मुलाचं डोकं फुटेस्तोवर दुखतं, उजेड सहन होत नाही. आणि कधीकधी त्याच्याही आधी, जेव्हा सगळ्यांना साधा फ्लू वाटत असतो, तेव्हा त्याचे पाय दुखायला लागतात.

मेंदूच्या आवरणांना येणारी सूज म्हणजे मेनिंजायटिस. ताप, डोकेदुखी आणि आखडलेली मान ही त्याची लक्षणं बऱ्याच जणांना ठाऊक असतात. पण ती मोठ्या माणसांतही एकत्र दिसतातच असं नाही. नेदरलँड्समधल्या जवळपास सातशे प्रौढ रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना जिवाणूंमुळे झालेला मेनिंजायटिस होता. ताप, आखडलेली मान आणि बिघडलेली शुद्ध ही तिन्ही लक्षणं त्यांतल्या फक्त ४४ टक्के लोकांत एकत्र सापडली. डोकेदुखी धरून चार लक्षणं मोजली, तर ९५ टक्के लोकांत किमान दोन होती. म्हणून सगळी लक्षणं जुळून यायची वाट बघू नये, दोन दिसली की निघावं. आणि हा हिशेब झाला बोलता येणाऱ्या प्रौढ माणसांचा. तान्ह्या बाळाला तर डोकं दुखतंय हे सांगताही येत नाही.

आवरणं, पाणी आणि जंतू

नारळ फोडला की करवंटीच्या आत, खोबऱ्याला घट्ट चिकटलेली तांबूस पातळ साल दिसते. मेंदूवरही अशी आवरणं असतात, पण तीन. सर्वांत आतलं मेंदूला बिलगलेलं, सर्वांत बाहेरचं जाड, चिवट आणि कवटीला लागून. आतलं आणि मधलं या दोहोंतल्या फटीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो साधारण १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात शरीर जवळपास ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करतं आणि जुना रक्तात शोषला जातो. हीच आवरणं आणि हाच द्रव पाठीच्या कण्यातून खाली कमरेपर्यंत गेलेला असतो.

या जागेत जंतूंना सहजी प्रवेश नाही. रक्त आणि हा द्रव यांच्यामध्ये पक्की भिंत आहे. अडचण अशी की तिथे संरक्षक पेशी आणि प्रतिपिंडंही (अँटिबॉडी) फारच थोडी असतात. त्यामुळे ती भिंत ओलांडून जंतू आत आलाच, तर त्याला अडवायला कुणी नसतं आणि तो झपाट्याने वाढतो. शरीराला उशिरा जाग येते आणि मग ते पूर्ण ताकदीनिशी लढतं. बरंचसं नुकसान या लढाईतल्या सुजेमुळे होतं. कवटी हाडाची, ती फुगत नाही. आतला दाब वाढतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो, फिट येते, शुद्ध हरपते. मान आखडण्याचं कारणही इथेच आहे. मान पुढे वाकवली की कण्यातली सुजलेली आवरणं ताणली जातात. ते इतकं दुखतं की मानेचे स्नायू आपोआप ताठ होतात आणि मानेला वाकू देत नाहीत.

सूज आवरणांऐवजी खुद्द मेंदूत असेल तर त्याला एन्सेफलायटिस म्हणतात. जपानी मेंदूज्वर त्यातला. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेल्या विषाणूने मुलांना होणारा आजारही त्यातलाच. दोन्ही प्रकार पुष्कळदा एकमेकांत मिसळलेले असतात आणि घरच्यांनी करायचं ते दोन्हींत एकच असतं: वेळ न घालवता रुग्णालय गाठायचं.

मेनिंजायटिस बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. एन्टेरोव्हायरस नावाचे, अस्वच्छ हातांवाटे आणि विष्ठेवाटे पसरणारे विषाणू त्यात आघाडीवर आहेत. गालगुंड, कांजिण्या आणि हर्पिसचे विषाणूही आहेत. एन्टेरोव्हायरसने झालेला आजार त्रासदायक असला तरी सहसा आठ-दहा दिवसांत आपसूक बरा होतो. जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस त्या मानाने कमी आढळतो, पण खरी भीती त्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार त्यात दर सहा रुग्णांत एक दगावतो आणि दर पाचांत एकाला गंभीर, बऱ्याचदा कायमचं नुकसान होतं. क्षयाच्या जंतूमुळे होणारा मेनिंजायटिस आठवडे घेत हळूहळू वाढतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खूप घसरली असेल तर क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूपर्यंत पोहोचते. केरळमध्ये २०२४ पासून ज्या अमीबाची चर्चा आहे, तो साचलेल्या गोड्या पाण्यात पोहताना नाकातून थेट मेंदूकडे जातो. तो दुर्मीळ, पण जगभरात बहुतेकदा प्राणघातक. काही औषधांमुळे, कर्करोगामुळे किंवा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडामुळेही अशी सूज येऊ शकते.

घरात बसून यातला कुठला प्रकार आहे हे कुणालाही सांगता येत नाही. ‘व्हायरल असेल’ हा अंदाज तपासणीनंतर डॉक्टरांनी करायचा असतो, तपासणी टाळण्यासाठी आपण नव्हे.

जन्मापासून पहिला महिना

नवजात बाळाला जंतू मिळतात ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. पहिलं, आईचा जन्ममार्ग. तिथे राहणारे ई. कोलाय आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आईला काहीच त्रास देत नाहीत, पण बाळाच्या रक्तात शिरू शकतात. दुसरं ठिकाण म्हणजे बाळाच्या आसपासचे हात, उपकरणं, अतिदक्षता विभाग. पाश्चात्त्य देशांत ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा दबदबा आहे. आपल्याकडच्या नवजात विभागांत मात्र क्लेबसिएला, ई. कोलाय आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू जास्त सापडतात आणि त्यांतले पुष्कळसे नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, पाणमोट फुटल्यावर अठरा तासांहून अधिक लांबलेली प्रसूती, बाळंतपणात आईला आलेला ताप, अशा वेळी धोका वाढतो. नाळेच्या देठाला हळद, तेल, राख काहीही लावू नये. तिथूनही जंतू आत जातात.

या वयात लक्षणं ‘काहीतरी बिनसलंय’ एवढीच असतात. कालपर्यंत दर दोन-तीन तासांनी जोर लावून पिणारं बाळ आज तोंडात स्तन घेऊन नुसतं पडून राहतं. उठवलं तरी जागं होत नाही, अंग सैल पडलेलं. ताप असतो, किंवा उलट हातपाय आणि पोट गार. रडण्याचा सूर बदलतो, चिरका आणि कण्हल्यासारखा होतो. श्वास घेता घेता मध्येच थांबतो. फिटही मोठ्या माणसासारखी हातपाय झाडत येत नाही: डोळे एका बाजूला खिळतात, ओठ चोखल्यासारखे हलत राहतात, एखादाच हात लयीत उडत राहतो. ‘झोपेत हसतंय, खेळतंय’ म्हणून हे सोडून दिलं जातं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही. दुसरं एकही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. बालरोगतज्ज्ञ या बाबतीत इतके कडक का असतात, याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे: या वयाचं बाळ गंभीर आजार आणि किरकोळ आजार दोन्ही सारख्याच पद्धतीने दाखवतं.

दोन वर्षांपर्यंत: टाळूवर लक्ष ठेवा

आपल्या घरांत बाळाची टाळू तेलाने भरतात, त्यामुळे आजी-आईचा हात रोज तिथे फिरतो. त्या हाताला टाळूची नेहमीची अवस्था माहीत असते आणि ही माहिती मोलाची आहे. बाळ शांत असताना, त्याला उभं धरून किंवा बसवून टाळूवरून हलकेच बोट फिरवलं, तर ती सपाट किंवा किंचित खोलगट लागते. बाळ रडताना ती वर येते, त्यात काळजीचं काही नाही. पण बाळ शांत असतानाही ती फुगलेली, टणक लागली, तर कवटीच्या आतला दाब वाढला आहे असं समजायचं. तसंच उठून निघायचं. टाळू नेहमीपेक्षा खोल गेली असेल तर शरीरातलं पाणी कमी झालंय. जुलाब-उलट्यांत हे दिसतं. यात एक खाच आहे. मेनिंजायटिस झालेल्या बाळाला खूप उलट्या झाल्या असतील, तर पाणी कमी झाल्यामुळे टाळू फुगलेली दिसणारही नाही. म्हणून फुगलेली टाळू हा धोक्याचा भक्कम पुरावा, पण टाळू सपाट आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं मानायचं नाही. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरून येते आणि ही खिडकी बंद होते.

या वयात न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी म्हणजे हिब, आणि मेनिंगोकॉकस हे तीन जंतू मुख्य. तिघेही नाका-घशात गुपचूप राहतात आणि खोकल्या-शिंकेतून पसरतात. तिघांच्याही अंगावर साखरेच्या साखळ्यांचं निसरडं कवच असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं शरीर अशा कवचाविरुद्ध नीट प्रतिपिंडं बनवू शकत नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पहिल्या काही महिन्यांत ओसरतात, स्वतःची अजून तयार नसतात. मधल्या या उघड्या काळातच आजार सर्वाधिक होतो. हे कवच एखाद्या प्रथिनाला जोडून दिलं की बाळाचं शरीर ते ओळखायला शिकतं. त्या युक्तीवर आजच्या हिब आणि न्यूमोकॉकसच्या लशी बेतलेल्या आहेत.

ताप आणि उलट्या तर असतातच, पण एक खूण आईच्या लगेच लक्षात येते. एरवी रडणारं मूल कडेवर घेतलं, हलवलं की शांत होतं. मेनिंजायटिसमध्ये उचललं की ते आणखी किंचाळतं आणि खाली ठेवलं की जरा गप्प होतं, कारण हलवताना आवरणं ताणली जातात. लंगोट बदलताना पाय वर केले तरी तसंच. मग हळूहळू किरकिर कमी होते आणि मूल मलूल होतं. ‘आता शांत झालं’ असं वाटून घरचे निर्धास्त होतात तो हाच टप्पा. नजर न लावणारं, ओळख न दाखवणारं शांत मूल हे रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त आजारी असतं.

तापात फिट येणं सहा महिने ते पाच वर्षं या वयात बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेकांच्या बाबतीत ते निरुपद्रवी असतं. फिट थांबते, मूल थोडा वेळ झोपाळलेलं राहतं आणि तासाभरात पुन्हा आपलं आपण वागू लागतं. मूल वर्षाच्या आतलं असेल, फिट एकाच दिवसात पुन्हा आली, शरीराची एकच बाजू झटकत होती, फिट संपल्यावरही मूल नीट जागं होत नसेल, किंवा आधीच अँटिबायोटिक चालू असेल, तर डॉक्टर मेनिंजायटिसची शंका घेतात आणि ती घ्यायलाच हवी. फिट चालू असताना मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात गेलेली मिनिटं वाया जातात. आणि ‘दात येताहेत’ म्हणून चढा ताप अंगावर काढू नये. दात येण्याने १०३ ताप येत नाही.

क्षयाचा मेनिंजायटिस

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणून या प्रकाराला वेगळी जागा द्यावीच लागते. तो लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांच्या आत, जास्त आढळतो. प्रौढांतही होतो, एचआयव्ही किंवा मधुमेह असेल तर अधिक. बहुतेकदा घरातल्याच कुणाला तरी खोकला असतो. आजोबांचा ‘जुना बिडीचा खोकला’ हा क्षय निघतो.

याची चाल इतकी संथ असते की दोन-तीन डॉक्टर बदलून होतात. पहिले एक-दोन आठवडे मूल नुसतं खेळेनासं होतं. चिडचिड, अन्नावर वासना नाही, बारीक ताप, वजन घटतं. मग डोकेदुखी आणि सकाळी उठल्यावर उलटी. पोटाची औषधं सुरू होतात. त्यानंतर एखादा डोळा अचानक तिरळा होतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोंड वाकडं होतं. मेंदूच्या तळाशी साचलेल्या चिकट स्रावात तिथल्या नसा अडकू लागलेल्या असतात. शेवटच्या टप्प्यात अर्धांग आणि बेशुद्धी. उपचार पहिल्या टप्प्यात सुरू झाले तर मूल बहुधा पूर्ण बरं होतं, तिसऱ्यात सुरू झाले तर वाचलं तरी अपंगत्व राहण्याची शक्यता मोठी. कधी मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबते आणि ते पोटात वळवणारी नळी शस्त्रक्रियेने बसवावी लागते. औषधं नऊ ते बारा महिने चालतात, सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि मध्येच सोडायची नसतात.

दोन आठवड्यांहून जास्त ताप आणि सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा स्वभावात बदल असेल, तर डॉक्टरांना आपणहून विचारावं की हे क्षयाचं असू शकेल का. घरात, शेजारी, पाळणाघरात कुणाला क्षय झालेला असेल तर तेही सांगावं. लोकलाजेपायी नेमकी हीच माहिती दडवली जाते आणि तिथेच आठवडे निघून जातात. जन्मल्याबरोबर दंडावर देतात ती बीसीजी लस फुप्फुसाच्या क्षयापासून फारसं वाचवत नाही, पण लहान मुलांना या मेंदूच्या क्षयापासून चांगलं संरक्षण देते. घरात क्षयरुग्ण असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांना तपासून प्रतिबंधक औषध देण्याचीही सोय आहे.

शाळा, कॉलेज, होस्टेल

पाचेक वर्षांनंतर मूल सांगू शकतं, म्हणून ओळख सोपी होते. जोराची डोकेदुखी, उजेडाचा त्रास, उलट्या, ताप. मान तपासायची तर मुलाला हनुवटी छातीला लावायला सांगावं. मान डाव्या-उजव्या बाजूला वळते, पण पुढे वाकत नाही, ही मेनिंजायटिसची खूण.

किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला मेनिंगोकॉकसचा धोका पुन्हा वाढतो. साधारण दहांतल्या एका निरोगी माणसाच्या घशात हा जंतू असतो आणि तरुणांत हे प्रमाण सर्वाधिक असतं. होस्टेल, लष्करी बराकी, यात्रा अशा दाटीच्या ठिकाणी तो पसरतो. भारतात २००५ साली दिल्लीत आणि २००८-०९ मध्ये मेघालयात त्याच्या साथी आल्या होत्या. हज यात्रेला जाणाऱ्यांना त्याची लस सक्तीची आहे, आणि अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांकडे अनेक विद्यापीठं तिचा दाखला मागतात.

याचा वेग अंगावर काटा आणतो. सकाळी कॉलेजला गेलेला मुलगा रात्री अत्यवस्थ असू शकतो. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेनिंगोकॉकसने आजारी पडलेल्या मुलांची तासागणिक माहिती गोळा केली होती. पाय दुखणं, हातपाय गार पडणं आणि कातडीचा रंग फिका किंवा डागाळलेला दिसणं ही चिन्हं साधारण आठव्या तासाला आली. पुरळ, आखडलेली मान आणि ढळलेली शुद्ध ही ओळखीची लक्षणं तेरा ते बावीस तासांनी. मुलं रुग्णालयात दाखल झाली ती सरासरी एकोणिसाव्या तासाला. तापात हातपाय गार आणि पिंढऱ्या दुखताहेत, चालवत नाही, असं मूल म्हणालं तर ते गांभीर्याने घ्यावं.

पुरळ तपासायची एक साधी रीत आहे. काचेचा पारदर्शक ग्लास पुरळावर दाबून आतून बघायचं. साधं पुरळ दाबल्यावर फिकं होतं. कातडीखाली रक्त उतरल्यामुळे आलेले लालसर-जांभळे ठिपके दाबूनही तसेच दिसत राहतात. आपल्या सावळ्या कातडीवर हे ठिपके लवकर उठून दिसत नाहीत. तळहात, तळपाय, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा इथे बघावं. डेंग्यूतही असे ठिपके येतात, पण हा फरक करत घरी बसू नये, दोन्हींत रुग्णालय गाठायचंच आहे.

याच वयात गालगुंडही होते. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती बालरोगतज्ज्ञांकडे वेगळी घ्यावी लागते. गालगुंडानंतर होणारा मेनिंजायटिस सहसा बरा होतो, मात्र कधीकधी एका कानाची श्रवणशक्ती तो घेऊन जातो.

मोठी माणसं आणि म्हातारपण

प्रौढांत न्यूमोकॉकस सर्वांत पुढे, आणि जंतू आत शिरतात त्या वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. वर्षानुवर्षं वाहणारा कान ही पहिली. कानाच्या मागचं हाड आणि मेंदूची आवरणं यांत फार थोडं अंतर असतं. दुर्गंधी येणारा, सतत वाहणारा कान तेल घालून बरा होत नाही, तो कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बघायला हवा. दुसरी वाट अपघाताची. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यावर काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकत असेल, वाकल्यावर जास्त येत असेल, तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. जिथून पाणी बाहेर येतं तिथून जंतू आत जातात. शस्त्रक्रियेने प्लीहा काढलेल्यांना आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना धोका मोठा असतो, कारण कवचवाले जंतू रक्तातून गाळून काढायचं काम प्लीहा करते आणि सिकलसेलमध्ये ती लहानपणीच निकामी होऊ लागते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेल असलेल्या भागांत ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. मधुमेह आणि दारूचं व्यसन यांनीही धोका वाढतो.

गरोदर बायका, पन्नाशी ओलांडलेली माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांना लिस्टेरिया हा आणखी एक जिवाणू गाठतो. तो न तापवलेल्या दुधातून येऊ शकतो आणि मेनिंजायटिससाठी नेहमी देतात ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही, म्हणून या मंडळींना अँपिसिलिन जोडून देतात. पावसाळ्यानंतर शेतात, गवतात वावरणाऱ्यांना बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापामुळेही मेनिंजायटिस होतो. काखेत, जांघेत, कमरेशी चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवावी. त्याचं औषध स्वस्त आहे.

म्हातारपणी पुन्हा लहान बाळासारखंच होतं. ताप बेताचा किंवा नसतोच. मानेचा झीज झालेला मणका आधीच आखडलेला असतो, त्यामुळे ताठ मानेचा अर्थ लागत नाही. दिसतं ते एवढंच की काल वर्तमानपत्र वाचणारी आजी आज नातवाचं नाव विसरते, कपडे ओले करते, दिवसभर गुंगीत असते. विसराळूपणा महिने-वर्षं घेत वाढतो. एक-दोन दिवसांत झालेला बदल हा आजार असतो, वय नव्हे. मेनिंजायटिसशिवाय त्याची इतर कारणंही असतात, लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, पक्षाघात. पण एकही कारण घरी बसून राहण्याचं नाही.

‘पाठीतलं पाणी’ काढायला घाबरू नका

डॉक्टरांनी कमरेतून पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक मागे सरतात. ‘त्याने लकवा मारतो’, ‘आमच्या गावात एक जण त्यानेच गेला’, असं कानावर येतं. ही भीती कुठून येते ते समजण्यासारखं आहे: ही तपासणी होते ती माणसं मुळातच गंभीर आजारी असतात, आणि पुढे आजाराने जे झालं ते सुईच्या माथी बसतं.

प्रत्यक्षात मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. तिथे फक्त द्रव आणि त्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे असतात. नवजात बाळात मज्जारज्जू थोडा खालपर्यंत असतो, म्हणून सुईही खाली घालतात. काढतात ते काही मिलिलिटर, आणि शरीर ते थोड्याच वेळात भरून काढतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं. मेंदूतला दाब धोकादायक वाढला असेल, रक्त गोठत नसेल किंवा सुईच्या जागी संसर्ग असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात.

त्या थोड्याशा द्रवातून मिळणारी माहिती दुसऱ्या कुठल्याच तपासणीतून मिळत नाही. जिवाणूंच्या आजारात तो गढूळ असतो, त्यातली साखर घटलेली आणि प्रथिनं वाढलेली असतात. विषाणूंच्या आजारात तो बहुधा स्वच्छ आणि साखर ठीक. क्षयात साखर कमी, प्रथिनं खूप, आणि नळी तशीच ठेवली तर कधीकधी कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. क्षयाचे जंतू त्यात इतके थोडे असतात की अहवाल नकारात्मक आला तरी डॉक्टर उपचार चालू ठेवू शकतात; त्यावरून त्यांच्याशी वाद घालू नये. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर जंतू सापडेलच असं नाही, आजार मात्र आत धुमसत राहतो. कुठली गोळी, कधी दिली, हे पाकिटासकट डॉक्टरांना दाखवावं.

जिवाणूंचा संशय दाट असेल तर पहिलं इंजेक्शन तासाभरात जायला हवं. सीटी स्कॅनला किंवा पाणी काढायला उशीर होणार असेल तर रक्ताचा नमुना घेऊन औषध आधी सुरू करतात. म्हणून मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या शोधात रात्र घालवण्यापेक्षा जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पहिला डोस घेऊन मग पुढे हलवावं, असं मला ठामपणे वाटतं. निघताना तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी.

लस, आणि पुण्याचा वाटा

हिबची लस आपल्याकडे पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना देतात. दोन्ही सरकारी केंद्रात मोफत आहेत. डोस चुकला असेल तर परिचारिकेला किंवा आशाताईंना विचारून राहिलेला डोस घ्यावा.

लशीने काय घडतं हे आफ्रिकेत दिसलं. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या हंगामात मेनिंगोकॉकसच्या प्रचंड साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. त्यामागच्या ‘ए’ गटाच्या जंतूविरुद्ध गरीब देशांना परवडणारी मेनआफ्रिव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली आणि त्या गटाच्या साथी थांबल्या. पाच गटांवर चालणारी तिची पुढची लसही पुण्यातलीच, २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली.

बरं झाल्यावर

रुग्ण मेनिंगोकॉकसचा असेल तर त्याच घरात राहणाऱ्या, एकत्र झोपणाऱ्या माणसांना प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यावं लागतं, तेही लगेच. न्यूमोकॉकसच्या रुग्णाच्या घरच्यांना त्याची गरज नसते. क्षयाचा मेनिंजायटिस झालेलं मूल सहसा दुसऱ्याला क्षय देत नाही. त्याला ज्याच्याकडून मिळाला तो माणूस शोधायचा असतो.

घरी आल्यावर काही महिने थकवा, चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात मागे पडणं हे चालू राहू शकतं. शाळेला आजाराची कल्पना द्यावी. काहींना फिटची औषधं पुढे चालू ठेवावी लागतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते कानांकडे. जिवाणूंच्या मेनिंजायटिसनंतर ऐकू न येणं हा नेहमी आढळणारा परिणाम आहे, आणि लहान मूल ते सांगू शकत नाही. ‘हाक मारली तरी बघत नाही, हट्टी झालाय’ असं वाटत राहतं. श्रवण तपासणी रुग्णालयातून सोडण्याआधी किंवा त्यानंतर चार आठवड्यांत व्हायलाच हवी, मूल कितीही ठणठणीत दिसत असलं तरी. घाईचं कारण असं की सुजेनंतर आतल्या कानातल्या शंखासारख्या पोकळीत काही आठवड्यांपासून काही महिन्यांत हाड भरायला लागतं. ती भरली की कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची, तार आत सरकवणं अवघड होतं, कधी अशक्य. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत असेल तर इम्प्लांटचा निर्णय वर्षभर पुढे ढकलण्यासारखा नसतो. डिस्चार्ज कार्डावर श्रवण तपासणीची तारीख लिहिलेली नसेल तर ती तिथेच, निघण्याआधी मागून घ्यावी.